भोंग्यातली धुरपता

धुरपताबाईचा आवाज ऐकायला कान द्यावा लागत नसे. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या वीस बायांमध्ये ती कुठं आहे, हे धानाच्या बांधीच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस डोळे मिटून सांगू शके. गोड म्हणावा असा तो आवाज नव्हता. पितळी परातीवर पळी आपटावी तसा होता, खणखणीत आणि थोडा चिरका. पण तो लांब जायचा. वाटेत झाड आलं तर वळसा घालून जायचा. आमच्या या झाडीपट्टीत गोड गळ्याला लग्नमांडवात मान आहे. जंगलात मान आहे तो लांब जाणाऱ्या गळ्याला.

आणि जंगलातला मान मिळायचे दिवस म्हणजे मोहाचे दिवस. होळीच्या आगेमागे मोह टपकायला लागतो. फुलं पहाटे पडतात, म्हणून माणसं झुंजुमुंजू व्हायच्या आधीच टोपल्या घेऊन निघतात. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं. कागदावर कुठं नाव नाही, तरी दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी हात घालत नाही. त्यामुळं माणसं विखुरतात. एक इथं, दुसरी नाल्यापलीकडं, मध्ये झुडपांची दाटी. म्हणून हाकेची रीत. थोड्या थोड्या वेळानं एकीनं हाक द्यायची, "हूऽऽ ओऽऽ!" आणि बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून ओ द्यायची. हाक देणारीनं ओ मोजायची. एक जरी कमी पडली, तरी वेचलेली फुलं तशीच टाकून सगळ्यांनी त्या झाडाकडं धावायचं. जुन्या टेंभरीत सासरी आली त्याच्या दुसऱ्याच वर्षापासून ही हाक धुरपताकडं होती. तीस वर्षांत तिनं मोजलेली ओ एकदाही कमी भरली नव्हती.

तिची आणखी एक हाक होती. ती घरची.

जुन्या टेंभरीत तिचं घर गावाच्या अगदी कडेला होतं. घरामागं सांदवाडी, तिच्यात बरबटीचे वेल आणि दोन पपया. सांदवाडीच्या कुंपणाला लागून थेट बांधी, आणि बांधीच्या वरच्या अंगाला टेकाडावर एक जुना मोह. दुपारी चुलीवरून भांडं उतरवलं की धुरपता कुंपणाशी येई आणि टेकाडाकडं तोंड करून म्हणे, "पेऽज झाली वोऽऽ!" नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, इकडं या म्हणायचं नाही. नुसतं पेज झाल्याचं सांगायचं. मोहाखाली बैल सोडून बसलेला तिचा नवरा श्यामराव तिथूनच "आऽलोऽ!" म्हणे, आणि तो ओ म्हणाला की मगच ती ताटलीत पेज वाढायला वळे. गावातल्या बाया चेष्टा करायच्या, "भाऊजी आले नाही तर चालते, आलो म्हटलं का झालं बाईचं!"

मग गोसीखुर्द धरणाचं पाणी आलं.

पाण्याच्या आधी भोंगा आला होता. जीपवर दोन कर्णे बांधलेले, आत बसलेला माणूस कागद पाहून बोलायचा: गाव बुडीत क्षेत्रात आहे, घरं खाली करा, उशीर करणाऱ्यांचं नुकसान होईल. लोकांनी ते इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं, की जीप आली तरी कोणी बिडी विझवेना. ऐकलं एकट्या श्यामरावनं. तो भोळा, सरकारी शब्दाला घाबरणारा. गावात सगळ्यांत आधी त्यानं आपल्या घराची कवेलू उतरवली, छताच्या लाकडी मयाली गाडीवर चढवल्या आणि नव्या टेंभरीत पत्र्याखाली जाऊन राहिला. आणि पाणी आलं दोन वर्षांनी. मागं राहिलेल्यांनी त्या दोन वर्षांत धानाचे दोन हंगाम घेतले, दोन दिवाळ्या आपल्या अंगणात केल्या. श्यामराव रोज सायकल मारत जाई आणि आपल्या उघड्या भिंतींपाशी उभा राहून परत येई. त्या दोन वर्षांबद्दल तो पुढं कधी बोलला नाही. फक्त भोंग्याचा आवाज आला की उठून आत जायचा.

नव्या टेंभरीत सगळ्या गल्ल्या सरळ. भिंतीला भिंत लागून. मागं सांदवाडी नाही, दुसऱ्याचं न्हाणीघर. शेत चार कोसांवर, तेही दुसऱ्याचं. घरात भांडं पडलं तरी तिसऱ्या घरी कळायचं. तिथं हाक मारून कोणाला बोलवायचं? पेजेची हाक तिथं कधी निघालीच नाही. बारा वर्षं झाली.

जुन्या गावचं पाण्याबाहेर एकच उरलं, टेकाडावरचा मोह. आता त्याच्याभोवती रायमुनियाची झुडपं माजली होती, आणि पलीकडून अभयारण्याचं जंगल सरकत सरकत त्याच्या बुडाशी आलं होतं. श्यामराव दर होळीला तिथं जाई. दिवसाला दोन टोपल्या फुलं देणारी झाडं नव्या गावाजवळही होती. पण तो म्हणे, "त्याच्याखाली बसलं का मांगं घर हाय असं वाटते. पाठ थंडी नाही पडत."

धुरपताला त्याच पाठीची भीती वाटायची.

कारण जनावर आलं होतं. आमच्याकडं वाघ म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, म्हणजे त्याला ऐकू गेलं तरी आपलं नाव घेतलं असं वाटू नये. मागच्या वर्षी मोहाच्याच दिवसांत शेजारच्या गावची एक बाई गेली. शोधायला गेलेल्यांनी परत येऊन बाकी काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की टोपली सरळ उभी होती. एक फूल सांडलं नव्हतं. धुरपताला त्या रात्रीपासून ती टोपली दिसायची. जेवताना दिसायची, सडा टाकताना दिसायची. रक्त दिसलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. ती भरलेली, सरळ उभी टोपली तिला सोसवत नव्हती.

यंदा माघ सरता सरता नागपूरकडच्या एका संस्थेची शुभांगी नावाची पोर गावात आली. वय पंचवीसच्या घरात, पायात पुरुषी बूट, बोलायला नीट. तिनं समाजमंदिराच्या भिंतीवर चित्र काढून घेतलं, पट्ट्यापट्ट्यांचं जनावर आणि खाली मोठ्या अक्षरांत: जंगल हे वाघाचे घर आहे, आपण तेथे पाहुणे आहोत. श्यामराव ते बराच वेळ वाचत उभा राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "त्याचं घर जंगल. बरं. मंग माह्यं कोणतं, ते बी लिवून टाक ना. भिंतीवर जागा हाय अजून."

 शुभांगी ब्रश हातात धरून नुसती उभी राहिली. तिला उत्तर सुचलं नाही, याच गोष्टीसाठी धुरपताला ती आवडली.

संस्थेच्या गाडीवर आधी कोणा शहरी माणसाचा आवाज लावला होता. "नागरिकांनो, सावधान!" अशी सुरुवात. चहावाला डोमा टपरीवरून ओरडायचा, "अरे, कोण व्हय हे नागरिक? आपल्या गावात तर कोणी दिसत नाही त्यायच्यातलं!" आणि माणसं हसत हसत टोपल्या दुरुस्त करायला बसायची. आठ दिवसांत शुभांगीला कळलं की हे कोणाच्या कानात शिरत नाही. तिनं विचारत विचारत धुरपताचं घर गाठलं.

"मावशी, कागद वाचू नका," छपरीत मोबाइल समोर धरून ती म्हणाली. "तुमच्या मुलीला सांगाल तसं सांगा."

"मले मुलगी नाही. एक पोरगा हाय, तो वरठीले कारखान्यात. आन् नवरा हाय. तो आयकत नाही."

"मग त्यांनाच सांगा."

श्यामराव आत माळ्यावर काहीतरी काढत होता. धुरपतानं त्या अंधाऱ्या दाराकडं पाहिलं, पदर सावरला, आणि आधी मोहाची हाक दिली, कारण तशी सुरुवात केल्याशिवाय तिला बोलताच येईना.

"हूऽऽ ओऽऽ! आयका वो. उजेड पडल्याबिगर जाऊ नोका. एकटे जाऊ नोका. खाली वाकून बसू नोका, वाकलेला माणूस जनावराले माणूस दिसत नाही. घरी कोणी तरी तुमची वाट पाहून राहिलं हाय."

शेवटच्या वाक्याला आवाज थोडा फाटला. शुभांगी म्हणाली, असंच राहू द्या, पुन्हा घ्यायला नको.

दुसऱ्या दिवसापासून धुरपता गाडीवरच्या भोंग्यातून गल्लीगल्लीत फिरू लागली. डोमानं तिला पाहून बाकडं पुसलं. "या, भोंग्याच्या मालकीणबाई! घरी श्यामरावले बोलते ते कमी पडलं का, आता सगळ्या गावाले बोलून राहिली?" पोरं हाकेला मुद्दाम ओ द्यायची आणि पळायची. पण काम झालं. आठ दिवस जंगलाची वाट ओस पडली. ज्या बाया भिंतीवरच्या चित्राकडं पाहून पान थुंकायच्या, त्या दाराशी थांबून भोंगा शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मग घरातली माणसं मोजायच्या.

घाबरली सगळ्यांत जास्त धुरपता स्वतःच. आपला आवाज आपल्या तोंडातून न निघता गल्लीच्या वळणावरून येतो, हे तिला सोसेना. ती इथं चूल फुंकतेय आणि तिकडं ती ओरडतेय. आपण मेल्यावर मागं राहिलेला आवाज असा येत असेल, असं तिच्या मनात आलं. भोंगा "वाट पाहून राहिलं हाय" म्हणाला की तिचे हात थांबायचे आणि श्यामराव कुठं आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुन्हा हलायचे नाहीत.

मग मोह टपकला. त्या वासापुढं आठ दिवसांची भीती किती टिकणार? माणसं निघू लागली. ते कळल्यावर शुभांगीनं चांगल्या मनानंच एक गोष्ट केली. जंगलात शिरायच्या वाटेवर तिनं एक खांब रोवला, त्यावर उन्हावर चालणारा डबा आणि कर्णा बसवला. पहाटे पाच ते आठ, दर तीन मिनिटांनी धुरपता तिथून बोलणार. डब्याला कुलूप. किल्ली संस्थेकडं.

धुरपता यंदा मोहाला जाणार नव्हती. आपणच नको म्हणायचं आणि आपणच जायचं, हे तिला पटेना. श्यामरावलाही तिनं पंधरा दिवस कसंबसं धरून ठेवलं. कधी कंबर दुखते म्हणून, कधी वरठीवरून पोरगा अमर यायचा आहे म्हणून. पण रंगपंचमी झाली आणि तो एके दिवशी न सांगता जाऊन आला. टोपलीभर फुलं सिमेंटच्या रस्त्यावर वाळत घातली आणि तिच्याकडं न पाहता हातपाय धुतले.

त्याच दुपारी शेजारची चंद्रकांता त्याच फुलांशेजारी आपली फुलं पसरत होती. टोपल्या यंदा फारच भरलेल्या दिसत होत्या.

"कोठून आणून राहिल्या वं इतकी फुलं?" धुरपतानं विचारलं.

"नाल्यापलीकडून. तिकडे कोणी जात नव्हतं ना इतके वर्ष. झाडंच्या झाडं पडून हाय."

"नाल्यापलीकडे? भेव नाही वाटत?"

"कायचं भेव बाई? तू असतेस ना मांगं."

"मी घरी असतो!"

"अवं, भोंग्यात. पयले आमी नाल्याअलीकडेच थांबत होतो. आता तुह्या आवाज येते, येते, येतच राहते. कोणी तरी माणूस हाय मांगं असं वाटते. धीर येते." चंद्रकांता हसली. "पयले पयले आमी ओ बी देत होतो. आता कोण देते? दर तीन मिनिटाले किती ओ देशीन?"

धुरपताच्या हातातली फुलं हातातच राहिली. ऊन डोक्यावर होतं, रस्ता तव्यासारखा तापला होता, आणि तिच्या पायांना मात्र पाण्यात उभं असल्यासारखं गार लागत होतं. तीस वर्षं तिनं या माणसांना एकच शिकवलं होतं: धुरपताचा आवाज आला म्हणजे माणसं जवळ आहेत. आता तोच आवाज खांबावर टांगलेला होता, आणि त्याच्या भरवशावर बाया जनावराच्या दारापर्यंत जात होत्या. तो जाऊ नोका म्हणत होता. त्या ऐकत होत्या ते निराळंच.

तिनं शुभांगीला फोन लावला. "पोरी, ते बंद कर. आजच्या आज."

"का हो मावशी? इतका चांगला चाललाय."

"चांगला चालला म्हणूनच बंद कर. मले नीट सांगता येत नाही. त्यायले माह्या आवाजाचं भेव नाही वाटत. घरच्या आवाजाचं कोणाले भेव वाटते?"

 मग शुभांगी म्हणाली, "मी नागपूरला आहे. किल्ली माझ्याजवळच आहे. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं निघते. तोवर कोणाला जाऊ देऊ नका."

संध्याकाळी धुरपता घरोघर जाऊन आली. बायांनी मान हलवली, "नाल्याअलीकडेच थांबतो वं" म्हणाल्या. राहिला तिचा नवरा.

"उद्या जाऊ नोका," ती ताट वाढता वाढता म्हणाली. "एकच दिवस."

"भोंगा सांगून राहिला का तू?"

"मीच सांगून राहिली."

"मले आता फरक समजत नाही," श्यामराव म्हणाला. रागानं नाही, थकल्यासारखा म्हणाला. "एकदा भोंग्याचं आयकलं, घर गेलं. दोन वर्षं उभं होतं माह्यं घर, मी आयकलं म्हणून उघडं पडून होतं. आता तेच म्हणते झाडाखाली बसू नोको. झाड बी सोडू? मंग बसू कोठं, सांग."

 तिनं त्याची मोठी टोपली उचलली, कोठीमागं दडवली आणि आडवी झाली. झोप लागणार नाही असं तिला वाटलं होतं. नेमकी पहाटे लागली.

जाग आली तेव्हा खाट रिकामी होती. कोठीमागची टोपली जागेवर होती. पण आढ्याला टांगलेली जुन्या घरची टोपली, शेणानं लिंपलेली, तिची खुंटी मोकळी होती. धुरपता तशीच निघाली. पायात वहाण नव्हती हे तिला गाव संपल्यावर कळलं.

बाहेर अजून नीट फटफटलं नव्हतं. झाडं झाडांसारखी दिसत होती, पण त्यांच्यामधलं काळं काय आहे ते कळत नव्हतं. लांबूनच तिला तिचा आवाज ऐकू आला. "हूऽऽ ओऽऽ! आयका वो." ती धावत होती आणि पुढं तीच शांतपणे बोलत होती.

खांबापाशी पाच बाया एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. चंद्रकांताचं तोंड उतरलेलं.

"वानर खाकरलं बाई. नाल्याच्या वरच्या अंगाले. दोनदा. मी लगेच हाक दिली, चाराच्या चार ओ आल्या, आन् निघालो."

"हे कोठं हाय?"

"भाऊजी? भाऊजी आमच्यासंगं नव्हतेच."

वानर उगाच खाकरत नाही. झाडाच्या शेंड्यावरून त्याला खाली जे दिसतं, ते आपल्याला दिसत नाही. धुरपता कान देऊन उभी राहिली. एरवी त्या वेळी जंगलात किती गलबला असतो! मोर असतात, भारद्वाज असतो, तितर असतात. आता काही नव्हतं. सगळं जंगल कोणाची तरी वाट सोडून उभं असावं तसं गप्प होतं. आणि त्या गप्पपणात फुलं पडत होती. टप. टप.

"हूऽऽ ओऽऽ!" धुरपतानं हाक दिली. पोटाच्या तळापासून दिली.

ओ आली नाही.

पुन्हा दिली. तिसऱ्यांदा देणार, तोच डोक्यावरचा कर्णा खरखरला आणि तिच्याच आवाजात म्हणाला, "हूऽऽ ओऽऽ! आयका वो. उजेड पडल्याबिगर जाऊ नोका." बायांनी वर पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. चंद्रकांतानं तोंडावर हात घेतला.

तेव्हा धुरपताला सगळं एकदम दिसलं. तो तिथं आहे. टेकाडावर, मोहाखाली, खाली वाकून बसलेला, पाठ रायमुनियाकडं. त्याला तिची हाक ऐकू गेली आहे. दोन्ही वेळा गेली आहे. आणि भोंगा म्हणून त्यानं ती सोडून दिली आहे. ती आणखी शंभर हाका देईल, जीव तोडून देईल, आणि तो त्या सगळ्या सोडून देईल.

तिनं खाली पडलेला दगड उचलून डब्यावर मारला. लागला नाही. दुसरा लागला, आणि कर्णा बोलतच राहिला. "...वाकलेला माणूस जनावराले माणूस दिसत नाही..." नाव घेऊन हाक मारावी? तीस वर्षांत घेतलं नव्हतं. तेही घेतलं असतं, लाज कुठली आता. पण श्यामराव म्हणून त्याला गावात सगळेच हाका मारतात. नावानं माणूस मान वर करतो, कोण आहे म्हणून विचारतो, बसल्या जागी बसून राहतो. तिला तो उठून हवा होता.

भोंगा थांबला. आता तीन मिनिटं.

वानर पुन्हा खाकरलं. या वेळी टेकाडाच्याच अंगाला.

धुरपतानं टेकाडाकडं तोंड केलं. समोर सांदवाडी नव्हती, कुंपण नव्हतं, बरबटीचे वेल नव्हते. सगळं पाण्याखाली होतं. तिनं डोळे मिटले आणि हात कुंपणाच्या काठीवर ठेवावा तसा हवेत ठेवला.

"पेऽऽज झाली वोऽऽऽ!"

आवाज गेला. नाल्यावरून गेला, झुडपांना वळसा घालून गेला. धुरपताला वाटलं, आपण तो जाताना पाहतो आहोत. एक फूल पडलं. दुसरं पडलं. चंद्रकांताचा श्वास तिला ऐकू येत होता.

आणि टेकाडावरून, बारा वर्षांपूर्वीच्याच आळसानं, ओ आली.

"आऽलोऽऽ!"

कोणी हललं नाही. ओ आली म्हणजे माणूस आला असं नव्हे. टेकाड आणि खांब यांच्यामध्ये अजून सगळं जंगल होतं. सुकल्या पाल्यावर पावलं वाजू लागली. ती माणसाची आहेत का, हे कान ठरवू शकत नव्हते. मग नाल्याच्या चढावर आधी पांढरं मुंडासं दिसलं, खाली त्याचं तोंड दिसलं. हात मोकळे होते. तो झोपेतून उठून चालत आल्यासारखा दिसत होता.

"काहून उठलो मी?" तो जवळ येऊन म्हणाला. "तू हाक देली, मी उठलो आन् चाललो. टोपली राहिली बघ तेथंच. अर्धी भरली हाय. आणतो—"

धुरपतानं त्याचं मनगट धरलं. पाच बायांच्या समोर धरलं, आणि गाव येईपर्यंत सोडलं नाही. त्याच्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ उमटले. मागं कर्णा म्हणत होता, घरी कोणी तरी तुमची वाट पाहून राहिलं हाय.

दहाच्या सुमारास शुभांगी आली. वनरक्षक आले, काठ्या घेतलेली आठ-दहा माणसं जमली, आणि ढोल-थाळ्या वाजवत सगळे टेकाडावर गेले. श्यामरावही गेला, धुरपता त्याच्या मागं चार बोटांवर चालत होती. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला आधीच जाळलेला असतो, तशी तिथं राखेची पातळ चादर पसरलेली होती. राखेत श्यामरावच्या बसण्याची जागा स्पष्ट होती, टाचा रुतल्याच्या खुणाही. आणि रायमुनियातून निघून त्या जागेपर्यंत येणारे पंजे होते. शेवटचा पंजा श्यामरावच्या टाचेच्या खुणेवरच पडला होता. वनरक्षकानं त्यावर आपला हात पसरून पाहिला. हात लहान पडला.

टोपली सरळ उभी होती. एक फूल सांडलं नव्हतं.

श्यामरावनं त्या पंजाकडं पाहिलं, मग झाडाकडं पाहिलं. झाडाच्या खोडाला त्यानं हात लावला, जुन्या घरातून निघताना चौकटीला लावला होता तसा, आणि टोपली न उचलता तो उतरायला लागला.

परतताना शुभांगीनं खांबावरचा डबा उघडून भोंगा बंद केला. ती रडकुंडीला आली होती. "मावशी, माझ्या ध्यानातच आलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचा आवाज म्हणजे लोक घाबरतील." मग थोडं चालल्यावर, भीत भीत, "ती दुसरी हाक... पेजेची. ती जर आपण रेकॉर्ड केली तर? त्या हाकेनं माणूस परत येतो."

धुरपता थांबली.

"नाही पोरी. एकदा आला. तीन मिनिटाले एकदा देशीन, तर चार दिवसांत तिले बी कोणी ओ देणार नाही. मंग ज्या दिवशी लागन, त्या दिवशी मी कोणती हाक देऊ?"

शुभांगीनं पुन्हा विचारलं नाही. मोह संपेपर्यंत पुढं रोज पहाटे ती स्वतः संस्थेची दोन माणसं घेऊन यायची, उजेड पडल्यावर बायांची टोळी एकत्र न्यायची, आणि खांबापाशी धुरपता उभी राहायची, बोलती-चालती. थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची. बाया ओ द्यायच्या. धुरपता बोटांवर मोजायची. पाचवं बोट मिटेपर्यंत तिची नजर झाडीवरून हलायची नाही, आणि मिटल्यावरही ती मूठ लगेच उघडायची नाही.

श्यामराव टेकाडावर पुन्हा गेला नाही. दुपारी तो आता समोरच्या गल्लीत डोमाच्या बाकड्यावर बसतो, घरापासून वीस पावलांवर. धुरपता चुलीवरून भांडं उतरवते, पत्र्याच्या दारात येते आणि टेकाड समोर असावं तशा आवाजात म्हणते, "पेऽज झाली वोऽऽ!"

"बहिरे नाही होऊन राहिलो वं आमी!" डोमा कानात बोट घालतो. "वीस पावलं हाय, वीस!"

श्यामराव कधी बिडीचा झुरका पुरा करतो, कधी कोणाचं बोलणं संपू देतो. तेवढा वेळ धुरपता पळी हातात धरून दारातच उभी असते. ताटली रिकामी असते. तो तिला समोर दिसत असतो, तरीही.

"आलो," तो म्हणतो.

मग ती वाढायला वळते.